बागेतल्या रेल्वेच्या गुड्स शेडचं पत्र्याचं छप्पर एका पावसात चाळणी झालं, काय चुकलं?

मुरगावमीटर | ९ सप्टेंबर, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचत होतो, आज रडायला आलोय.

फोंड्याजवळ घर आहे, मागे कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला छोट्या मॉडेल रेल्वेचा लेआउट केलाय, दोन रुळांमधलं अंतर ४५ मिमी. स्केल १:२२.५, म्हणजे मीटरगेज, १००० भागिले २२.५ केलं की ४४.४ येतं म्हणून ४५ चे रूळ बरोबर बसतात. डोक्यात अर्थात आपली मुरगाव ते कॅसलरॉकची जुनी लाईन आहे, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज व्हायच्या आधीची, लहानपणी कुळ्याला मामाकडे जाताना त्याच गाडीने गेलोय.

तर मे महिन्यात एक गुड्स शेड बांधली. भिंती जांभ्या चिऱ्यासारख्या दिसणाऱ्या, साधारण ४०० बाय २२० मिमी. छपराला पन्हळी पत्रा हवा होता म्हणून बियरचे कॅन कापले (गोव्यात कच्च्या मालाची कमतरता नाही), लाकडी फळीवर तारा चिकटवून साचा केला, त्यावर एकेक पन्हळ दाबून काढली, प्लायवर पत्रे सिलिकॉनने चिकटवले, वरून बारीक पितळी खिळे मारले, चंदेरी स्प्रे मारला. बायको पण म्हणाली छान झालंय, आणि ती उगाच म्हणत नाही.

आज पाऊस थोडा उघडला म्हणून बघायला गेलो तर प्लाय फुगून पुस्तकासारखा उलगडलाय, खिळ्यांभोवती काळी कडी आलीयेत, आणि एका बाजूच्या पत्र्याला टाचणीने टोचल्यासारखी भोकं, उजेडात धरला की तारांगण. खारं वारं म्हणावं तर समुद्र इथून बराच लांब. पुढच्या वेळी काय करू? की नाद सोडून कौलं लावू?

सडा_सिग्नल | ९ सप्टेंबर, रात्री ११:३०

कौलं लावा म्हणजे मंगलोरी कौलं ४०० मिमीत किती करायची ते मोजा आधी, मग पत्रा आवडायला लागेल.

गंमत सोडा. मी वास्कोला सड्यावर राहतो, समुद्र समोर, आणि माझ्या दोन इमारतींवर कॅनचाच पत्रा आहे, चौथा पावसाळा चाललाय. पांढरी भुकटी धरते, रंग सुटतो, दर दोन वर्षांनी खरवडून परत रंगवतो. पण टाचणीची भोकं कधी नाही पडली. तेव्हा फोंड्यात बसून खाऱ्या वाऱ्याला शिव्या देऊ नका, त्याची बाजू मांडणारा मी एकटाच आहे इथे. फोटो टाका.

पत्रेवाला | १० सप्टेंबर, सकाळी ७:१५

माझा धंदाच पत्र्याच्या शेडचा आहे, मॉडेल वगैरे कधी केलं नाही पण मुलाने धागा दाखवला म्हणून लिहितो. खऱ्या पत्र्याची पन्हळ ७५ मिमीला एक असते, खोली १७-१८. आम्ही हुक किंवा स्क्रू नेहमी पन्हळीच्या माथ्यावर मारतो, खळग्यात कधीच नाही कारण पाणी खळग्यातून वाहतं. बाजूचा जोड दीड पन्हळीचा, खालीवर सहा इंच. आणि पत्रे लावायला सुरुवात वाऱ्याच्या उलट टोकाकडून, इथे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो तर जोडाचं तोंड तिकडे नको, नाहीतर वारा पाणी आत ढकलतो. तुमचे खिळे खळग्यात असतील तर तिथूनच प्लायमध्ये पाणी गेलं.

मुरगावमीटर | १० सप्टेंबर, सकाळी ८:०२

पत्रेवाला भाऊ, खिळे खळग्यातच आहेत, माथ्यावर मारले तर पत्रा चेपत होता 🙈

खटपट्या | १० सप्टेंबर, दुपारी १:४०

पत्रेवाल्यांचं सगळं खरं आहे पण छोट्या पत्र्याला एक वेगळीच अडचण असते ती सांगतो. आपण शेड लहान करतो, पाऊस लहान होत नाही. तीन मिमीचा थेंब तुमच्या शेडमधल्या हमालाच्या डोक्यावर पडला तर त्याच्या मापाने तो क्रिकेटचा बॉल आहे. आणि तुमची पन्हळच जेमतेम साडेतीन मिमी रुंद, त्यामुळे पाणी खळग्यातून वाहतच नाही नीट, दोन-तीन पन्हळींवर मिळून चिकटून बसतं. जोडात तर ते खालून वर चढतं, वात कशी तेल ओढते तसं. खऱ्या छपराला सहा इंचाचा जोड पाणी अडवतो, आपल्याकडे तोच जोड पाणी आत ओढणारी वात होतो आणि ऊन पडलं तरी दिवसभर ओलाच राहतो.

म्हणून माझं मत असं की पत्रा हा नुसता दागिना समजायचा. पाणी अडवायचं काम त्याच्या खालच्या फळीने करायचं, पत्रा उद्या वाऱ्याने उडाला तरी आत थेंब जाता कामा नये. प्लाय विसरा, मरीन प्लाय पण विसरा, कडेने कापलात की तोही पितो. पाट्या बनवणाऱ्याकडे तीन मिमी एसीपीचे (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनलचे) तुकडे कचऱ्यात पडलेले असतात, ते आणा. पीव्हीसी फोमचा बोर्ड पण चालतो पण तो उन्हात ॲल्युमिनियमच्या तिप्पट फुगतो, लांब छपराला पत्रा लाटेसारखा उचलला जातो. एसीपीला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमच असतं त्यामुळे सोबत फुगतं, सोबत बसतं.

लेयरवाला | १० सप्टेंबर, दुपारी २:१०

एवढं कशाला, थ्रीडी प्रिंट करा ना. दोन तासांत छप्पर.

सडा_सिग्नल | १० सप्टेंबर, दुपारी २:२५

पीएलए प्लॅस्टिकमध्ये प्रिंट केलेली माझी सिग्नल केबिन मे महिन्यात दुपारी बघायला हवी होती, ६० अंशाला ते मऊ पडतं आणि उन्हातलं छप्पर तेवढं आरामात तापतं. केबिनमास्तर आडवा, छप्पर त्याच्या मांडीवर.

लेयरवाला | १० सप्टेंबर, दुपारी २:३१

एएसए प्लॅस्टिक वापरा मग, ते उन्हाला टिकतं. पण हो, पत्र्याची कड जाड दिसते, ०.१ मिमी काही प्रिंट होत नाही, ते मान्य.

पोफळीखाली | १० सप्टेंबर, रात्री ९:०५

मी सत्तरी तालुक्यातली, आमचं कुळागर आहे, रेल्वेतलं मला ओ की ठो कळत नाही, माझा भाचा हे उद्योग करतो त्याच्यामुळे इथे. मुरगावमीटर, तुम्ही कुळागराच्या कडेला म्हणालात. भोकं पडलेली बाजू पोफळींच्या बाजूला आहे का? आणि पत्र्यावर निळसर ठिपके दिसतात का, बारीक, खडूसारखे?

मुरगावमीटर | १० सप्टेंबर, रात्री ९:४८

ताई, आत्ता टॉर्च घेऊन पावसात जाऊन बघून आलो. आहेत!! जिथे जिथे भोक तिथे आजूबाजूला फिक्कट निळे डाग, मी शेवाळ समजलो होतो. आणि हो, पोफळीकडचीच बाजू, दुसरी बाजू घराकडे आहे ती बऱ्यापैकी धड आहे. तुम्हाला कसं कळलं?

पोफळीखाली | १० सप्टेंबर, रात्री १०:२०

बोर्डो मिश्रण हो. सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगाला पावसाच्या तोंडावर एक फवारणी आणि मग साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी. एक टक्का मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पाडेली (झाडावर चढणारा गडी) वर घोसावर मारतो आणि निम्मं खाली आपल्या डोक्यावर येतं. तुमच्या शेजाऱ्याने जुलैत मारलं असणार. आमच्याकडे फवारणीला ॲल्युमिनियमची बादली कधीच घेत नाहीत, प्लॅस्टिकचंच पिंप, सासऱ्यांचा नियम. एकदा नवीन गड्याने जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मोरचूद भिजवलं होतं, दुसऱ्या दिवशी पातेल्याला आतून लाल मुलामा आणि बुडाला गळती. ते पातेलं अजून कोंबड्यांच्या पाण्याला आहे, अर्धंच भरतं.

खटपट्या | १० सप्टेंबर, रात्री १०:४१

ताई, दंडवत घ्या 🙏

हेच आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. तांब्याचा अंश ॲल्युमिनियमवर पडला की तांबं तिथे सुटं होऊन कणाकणाने चिकटतं, तो लाल मुलामा म्हणजे तेच तांबं. मग पावसाचं पाणी आलं की प्रत्येक कण म्हणजे एक छोटा बॅटरी सेल, त्यात झिजायचं काम ॲल्युमिनियमकडे. कॅनची भिंत ०.१ मिमी, भोक पडायला कितीसा वेळ लागतो. वर चुना पण अल्कली, तो पण ॲल्युमिनियमला खातो.

तुमच्या पितळी खिळ्यांभोवतीची काळी कडी पण त्याच गोत्रातली, पितळात तांबंच असतं. आणि एक विचारतो, सिलिकॉनला आंबट वास होता का, व्हिनेगरसारखा?

मुरगावमीटर | १० सप्टेंबर, रात्री १०:५०

होता. दोन दिवस शेडमधून लोणच्याचा वास येत होता.

खटपट्या | १० सप्टेंबर, रात्री ११:१५

म्हणजे ॲसिटिक. सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतो, काचेला उत्तम, धातूला वाईट. दुकानात न्यूट्रल क्युअर मागा, वास नसतो, थोडा महाग. एकूण तुम्ही पत्र्याला पितळ, ॲसिड आणि शेजाऱ्याचं मोरचूद असं तिन्ही बाजूंनी गाठलंत, आणि दोष समुद्राला.

सडा_सिग्नल | १० सप्टेंबर, रात्री ११:१८

समुद्रातर्फे धन्यवाद.

मी एक चूक केली असती ती पण सांगून टाकतो, शेवाळ येऊ नये म्हणून छपराच्या मोभावर तांब्याची पट्टी लावा असं कुठेतरी वाचलं होतं आणि पट्टी आणून पण ठेवली होती. कौलांवर चालेल, ॲल्युमिनियमवर तो बोर्डोचाच प्रकार झाला असता, थेंब थेंब. पट्टी परत ड्रॉवरमध्ये.

मुरगावमीटर | ११ सप्टेंबर, सकाळी ९:३०

शेजारी काकांना काय सांगू, त्यांची सुपारी आधी, माझी शेड नंतर. फवारणीच्या दिवशी आदल्या रात्री निरोप देतो म्हणाले, मी प्लॅस्टिक टाकेन. आता नवीन छप्पर. खटपट्या, तुम्ही पत्रा कसा काढता? तारेच्या साच्यावर माझ्या अर्ध्या पत्र्यांना चिरा गेल्या.

खटपट्या | ११ सप्टेंबर, रात्री ८:५५

मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी माप. ७५ ला २२.५ ने भागलं की ३.३ मिमीला एक पन्हळ आणि खोली ०.८. आठ फुटी पत्रा म्हणजे १०८ मिमी लांब, त्याला ५०० मिलीचाच कॅन लागतो, ३३० च्या कॅनमधून सहा फुटी निघतो, ८१ मिमी. कॅनचा घेर २०७ च्या आसपास, एका कॅनला रुंदीत सहा पत्रे निघतात. इथे लक्षात ठेवायचं की पन्हळी पाडल्यावर पत्रा रुंदीत आकसतो. ३० मिमीचा तयार पत्रा हवा तर ३४ चा कापा. चिरा जातात त्या याच्यामुळेच. तुम्ही दोन्ही कडा धरून मधे दाबलं असणार, पत्र्याला आत सरकायला जागाच नाही, मग तो ताणतो आणि फाटतो. एका कडेपासून सुरू करा, एक पन्हळ पूर्ण, मग शेजारची, उरलेला पत्रा मोकळा. दाबायला सायकलचा स्पोक, दोन मिमीचा असतो, टोक कानशीने गोल करून घ्या.

साचा: वेल्डिंगच्या १.६ मिमी फिलर रॉडचे तुकडे काचेवर एकाला एक लावून ठेवा, एक आड एक अॅरल्डाइटने चिकटवा, मधले काढून टाका. पन्हळ ३.२ ची येते, डोळ्याला फरक कळत नाही. दहा-बारा पत्र्यांना हे पुरे.

मला साठ लागणार होते आणि मी आळशी आहे म्हणून मशीन केलं. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत गिअर कापणाऱ्याकडून मॉड्यूल १ चे वीस दात्यांचे दोन लांब गिअर करून घेतले, १२० मिमी लांबीचे, म्हणजे आठ फुटी पत्रा पूर्ण मावतो. मॉड्यूल १ म्हणजे दात्याला दाता ३.१४ मिमी, आपल्याला हवं त्याच्या जवळपास. तो माणूस विचारत होता कुठल्या मशीनचे आहेत, मी सांगितलं बियरच्या कॅनचे, त्याने पुढे काही विचारलं नाही. गिअर नेहमीसारखे पूर्ण बसवले तर केंद्रातलं अंतर २० येतं आणि पत्रा कापून निघतो. मी ते २१.२ वर ठेवलंय, म्हणजे दात्यांची टोकं एकमेकांत फक्त ०.८ जातात. अडचण एकच, एवढे सैल गिअर एका बाजूला कलतात आणि पन्हळ पण कलती निघते, करवतीच्या दात्यांसारखी. पत्रा बाहेर पडायच्या आत हँडल उलट फिरवून परत मागे काढला की सरळ होते. हे कळायला अकरा कॅन गेले. कॅन रिकामे करण्यात मित्रांनी मदत केली.

कॅनचा पत्रा कडक असतो, दाबला की थोडा परत उसळतो. काही लोक साबण फासून गॅसवर तापवतात, साबण काळा पडला की ॲल्युमिनियम नरम झालं. जाड पत्र्याला छान उपाय आहे, कॅनला मी एकदाच केला, आतलं लॅकर जळून स्वयंपाकघरभर धूर, आणि पत्रा एका कोपऱ्यात वितळला. घरी परत करायची परवानगी नाही.

पत्रेवाला | ११ सप्टेंबर, रात्री ९:२०

आमच्या रोलफॉर्मिंग मशीनचं पिल्लू झालं हे 😀 जोड कसे करता मग, तुम्ही म्हणता जोड वात होतो.

खटपट्या | ११ सप्टेंबर, रात्री ९:४४

जोड खोटे. बाजूने दीड पन्हळीचा जोड ठेवतो पण मधे न्यूट्रल सिलिकॉनची केसाएवढी रेघ, पूर्ण बंद. खालीवरचा जोड शक्यतो टाळतो, वळचणीपासून मोभापर्यंत एकच पत्रा, आणि जिथे जोड दिसायला हवा तिथे पट्टी धरून बोथट सुरीने एक ओळ दाबतो, रंगवताना खाली सावलीची रेघ. खिळे नाहीत. हुकाची डोकी हवीत तर पत्रा चिकटवायच्या आधी मागून, माथ्याच्या ओळीत, बॉलपेनने ठिपके उठवा, भोक न पाडता.

वळचणीला पत्रा फळीच्या चार-पाच मिमी पुढे काढा, आणि फळीच्या खालच्या बाजूला कडेला समांतर एक चीर पाडा म्हणजे पागोळी तिथेच सुटते, भिंतीकडे सरपटत जात नाही. छप्पर भिंतीला चिकटवू नका, पेटीच्या झाकणासारखं उचलता आलं पाहिजे.

रंग: ४०० चा पॉलिश पेपर, भांड्याचा साबण, कोरडं झालं की एच (etch) प्रायमर, धातूला धरून बसणारा. नुसता चंदेरी स्प्रे ॲल्युमिनियमला धरतच नाही, नखाने निघतो. आणि मागच्या बाजूला पण प्रायमर, ती सगळे विसरतात. तुमच्याकडे तर बोर्डो आहे, रंगाचा थर अखंड असेल तर तांबं धातूपर्यंत पोचणारच नाही, तेव्हा कापलेल्या कडा ब्रशने दोनदा भरून घ्या. शेवटी मॅट क्लिअर, म्हणजे बिनरंगी थर.

सडा_सिग्नल | ११ सप्टेंबर, रात्री १०:३०

गंजाला माझी रेसिपी. चंदेरी नको, फिक्का राखाडी मारा, जुना जस्ताचा पत्रा तसाच दिसतो. क्लिअर ओलं असताना चिऱ्याची भुकटी मलमलच्या कापडातून चाळून पत्र्याच्या खालच्या टोकाला आणि ठिपक्यांखाली उडवायची, वर परत क्लिअर. सावर्डे-कुळे भागात खाणीच्या मालगाड्यांच्या काळात छपरं, झाडं, कुत्री सगळं त्याच रंगाचं होतं. भुकटी सुटी ठेवू नका, इंजिनाच्या गिअरमध्ये गेली की करकर सुरू.

मुरगावमीटर | २ ऑक्टोबर, सायंकाळी ६:१०

सुट्टीचा सदुपयोग. एसीपीची फळी, नवीन चौदा पत्रे (तारेचाच साचा, एका कडेपासून, फक्त एक फाटला). भुकटी जास्त पडली, शेड कालच खाणीतून काढल्यासारखी दिसते. बायको यावेळी काही बोलली नाही.

मुरगावमीटर | २१ सप्टेंबर (पुढचं वर्ष), सकाळी १०:२५

धागा वर काढतोय. पूर्ण पावसाळा शेड बाहेर होती, मुद्दाम झाकली नाही, फक्त दोन फवारण्यांना प्लॅस्टिक टाकलं, आणि दुसऱ्या फवारणीचं प्लॅस्टिक वाऱ्याने उडालं तेव्हा संध्याकाळी होजने धुवून काढलं.

झाकण उचललं, आत कोरडं. मी जूनमध्ये आत ठेवलेला टिश्यू पेपर अजून तसाच कडक. पत्र्यावर निळे ठिपके आहेत पण ओल्या फडक्याने निघाले, खाली रंग शाबूत. भोक शून्य. एका पत्र्याची वळचणीची कड मी दुसऱ्यांदा भरायला विसरलो होतो, तिथे मात्र रंगाखालून पांढरं बोंड आलंय, दोन मिमी. हिरवं शेवाळ उत्तरेच्या बाजूला आलं, ते मी ठेवलंय, फार छान दिसतं.

एकच, आत कुंभारमाशीने मालाच्या दारात मातीचं घर बांधलंय, बरोबर वॅगनच्या उंचीवर. वॅगन धक्क्याला लागत नाही.

पोफळीखाली | २१ सप्टेंबर, दुपारी १२:१५

माशी बाहेर पडली की मातीला गोल भोक दिसेल, तोवर हात लावू नका. गाडी दुसऱ्या फलाटावर घ्या.